उलट्या तोंडाचं सांबर

"आल्झो, हे तुमचं नाही."

आमचे खालच्या मजल्यावरचे जर्मन शेजारी एवढंच म्हणायचे, 'आल्झो' म्हणजे 'तर मग', आणि समोरच्याने टेबलावर ठेवलेलं चित्र एका बोटाने पालथं घालायचे. रागाने नाही हं. उतू गेलेल्या दुधावर आपण झाकण ठेवतो ना, तसं. झालं ते झालं, आता बघण्यासारखं काही उरलं नाही.

समोर बहुतेक वेळा एखादं अमेरिकन जोडपं असायचं. पांढरे बूट, गळ्यात कॅमेरा, चेहऱ्यावर देवळात आल्यासारखा भाव. त्यांनी आणलेल्या चित्रात एक ढाल, ढालीवर सिंह नाहीतर गरुड, वर लोखंडी शिरस्त्राण आणि खाली त्यांचं आडनाव. तिकडे म्हणे दुकानात नुसतं आडनाव सांगितलं की असं कुलचिन्ह छापून मिळतं. मग ती माणसं ते घेऊन इथे यायची. आपला मूळपुरुष इथूनच बोटीत बसला, तर ही ढाल पक्की रंगवून घ्यावी म्हणून. आणि हे म्हणायचे, "आल्झो."

जर्मनीत डार्मश्टाटला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो, ते तळमजल्यावर. माझा नवरा वारल्यावर मुलाने मला इकडे आणलं. मुलगा एका संस्थेत संशोधनाला, सून प्रज्ञा इंजिनीअर, नात बालवाडीत. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं मी किराणाच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले, आणि जर्मन शिकले ते जिन्यात उभं राहून, ह्या माणसाकडून. त्यांचं नाव मी लिहीत नाही. ते त्यांच्याबरोबर संपलं, तसंच राहू दे. ते मला 'फ्राऊ नाखबारिन' म्हणायचे, म्हणजे शेजारीणबाई. मीही त्यांना कधी नावाने हाक मारली नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्याला कोण मारतं?

कुलचिन्हं रंगवणं हा त्यांचा धंदा. उंच, वाकलेले, कोटाच्या बाहीला सोनेरी रंग लागलेला. ब्रशला टोक आणायला तो ओठात धरायची सवय. डॉक्टरांनी बजावलं होतं, रंगात विष असतं. एकदा माझ्याकडचं मिरचीचं लोणचं त्यांनी चाखलं आणि तशाच ओठांनी ब्रशला टोक काढून सिंहाची जीभ लाल केली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि म्हणतात, "शेजारीणबाई, हा सिंह आता खरंच ओरडेल!"

पण असं हसणं क्वचित. एरवी तो माणूस संध्याकाळच्या अंगणासारखा होता. बायको गेलेली. एकुलता एक मुलगा तरुणपणी बर्फावर गाडी घसरून गेला, लग्नाआधीच. आणि टेबलाच्या वर भिंतीला त्यांच्या स्वतःच्या घराण्याची लाकडी ढाल. काळपट पडलेली, तिच्यावर सोनेरी सांबर, फांद्याफांद्यांची शिंगं. ही खरी बरं का, दुकानातली नव्हे. ओडनवाल्डच्या डोंगरात एका खेड्यावर त्यांच्या पूर्वजांची लहानशी सरदारकी होती. ती केव्हाच लयाला गेली. वाडा गेला, जमीन गेली, राहिलं ते नाव आणि हे सांबर. आणि ते लावणारा हा एकटा.

मी एकदा विचारलं, "त्या बिचाऱ्या लोकांना लगेच नाही कशाला म्हणता हो? लांबून येतात."

"विचार करा ना," ते म्हणाले. "अमेरिका इंग्रजांच्या राजाची होती तेव्हा गेलेली माणसं ही. इथून ऱ्हाईन नदीने खाली, मग बोटीत कोंबून पेनसिल्व्हेनियाला. अर्धी वाटेतच मेली. ज्यांच्या दारावर ढाल होती ते कशाला जातील? ढालवाले घरी बसले. गेले ते उपाशी. त्यांच्या अंगावर उवा होत्या, सिंह नव्हते."

तरी आलेल्याला रिकामं पाठवत नसत. म्हणायचे, "नवं करून देतो. तुमच्या पूर्वजाचं काम काय होतं? पाववाला होता तर पाव काढू, लोहार होता तर हातोडा. पण खाली आजचं साल घालीन." आजचं साल कोणालाच नको असायचं. माणसं उठायची, पालथं चित्र उचलायची आणि घरी जाऊन तेच भिंतीला लावायची. ह्यांनाही ते माहीत होतं. "लावू देत," म्हणायचे. "मी माझं सांगितलं."

कामाचं अवजार ढालीवर काढण्यात त्यांना भारी मान वाटे. ह्यावरूनच आमचं एकदा बिनसलं होतं. त्यांनी मला विचारलं, तुमच्या घराण्याची खूण काय? मी सहज बोलून गेले. आम्ही बौद्ध. त्याआधी माझ्या सासऱ्यांच्या घराकडे गावाची वेसकरकी होती. हातात घुंगराची काठी, ती वाजवत पाटलाचा सांगावा घेऊन पळायचं, मेलेल्या जनावराची वर्दी द्यायची, रात्री वेशीत बसायचं. मी बोलतेय तोवर ह्यांनी पेन्सिल घेतली आणि सर्रकन ढाल काढली. मधे काठी, काठीला घुंगरं. सुंदर काढली हो. घुंगरं वाजतील अशी.

मी म्हटलं, "पुसा ते."

"का? किती जुनं आहे!"

"जुनं आहे म्हणूनच. धर्म बदलला त्या वर्षी सासऱ्यांनी ती काठी चुलीत घातली. त्यावर चहा केला आणि सगळ्या आळीला पाजला."

त्यांना ते कळलं नाही. खरंच नाही कळलं. कागद उलटा करून मला दिला, "भाजीची यादी करायला घ्या," म्हणाले आणि ब्रश धुवायला उठले. माणूस वाईट नव्हता. त्यांना वाटे, जे हातात होतं ते ढालीवर चढलं की झाला मान. हातात कोणी दिलं होतं, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही.

तर, फुटबॉलचा वर्ल्ड कप जर्मनीत झाला तो उन्हाळा. सगळ्या बाल्कन्यांना झेंडे. अशा एका शनिवारी एक अमेरिकन गृहस्थ आले. एकटेच, सत्तरीचे, निवृत्त शाळामास्तर. ह्यांचं इंग्रजी माझ्या जर्मनपेक्षा वाईट, म्हणून प्रज्ञाला दुभाषी म्हणून खाली बोलावलं, आणि प्रज्ञाबरोबर मी गेले. गप्पांच्या ठिकाणी मी मागे राहत नाही.

मास्तरांनी आडनाव सांगितलं आणि ह्यांचा हात थांबला. ह्यांचंच आडनाव! मास्तरांनी मग एक फोटो ठेवला. तिकडच्या शेतघराच्या दारावर कोरलेली पाटी. मूळपुरुषाने बोटीतून उतरल्यावर जंगल तोडून घर बांधलं आणि पहिल्याच हिवाळ्यात ती स्वतःच्या हाताने कोरली, असं घरात सांगत आले. पाटीवर शिंगाळं सांबर.

"आपण भाऊबंद आहोत," मास्तर म्हणाले. प्रज्ञाने भाषांतर करायची गरजच पडली नाही.

मी ह्यांच्या बोटाकडे बघत होते. बोट फोटोपर्यंत गेलं, कडेला टेकलं. फोटो पालथा झाला नाही.

मास्तरांनी घरातल्या सगळ्यांचं सांगितलं. चार मुलं, ढीगभर नातवंडं, दर उन्हाळ्याला त्या दाराखाली सगळे जमतात. आता पाटी किडलीय, म्हणून मूळ ढालीवरून नवी रंगवून हवी. ह्यांनी काम घेतलं. वर मास्तरांना वाईन पाजली. मास्तर गेल्यावर मी म्हटलं, "बघा! तुम्ही म्हणत होता घराणं संपलं. तिकडे गोकुळ नांदतंय."

ते खुर्चीवरून उठले. खुर्ची माझ्याकडे आडवी केली आणि दोन बाजूंना दोन रुमाल टाकले.

"हा घोडा," म्हणाले. "ही खोगिराखालची झूल. ढालीवरचं जनावर नेहमी बघणाऱ्याच्या डावीकडे तोंड करून असतं. झुलीवर तेच, घोड्याच्या डाव्या अंगाला. पण उजव्या अंगाला तसंच काढलं तर ते शेपटीकडे तोंड करील, पळाल्यासारखं. म्हणून त्या बाजूला ते फिरवतात. घोड्याबरोबर पुढे बघणारं." मग भिंतीवरच्या ढालीकडे बोट केलं. सांबराचं तोंड डावीकडे. मग फोटो. सांबराचं तोंड उजवीकडे.

"धनी घोड्यावर चढतो डावीकडून," ते म्हणाले. "तेव्हा खोगीर फिरू नये म्हणून पलीकडची रिकीब, पाय ठेवायची कडी, कोणीतरी दाबून धरतं. उजवीकडची. रोज. त्या माणसाच्या नाकासमोर काय असतं?"

मला सांगायची गरज राहिली नाही. मीच म्हटलं, "मोतद्दार होता. घोडे सांभाळणारा."

"माझे वडील थट्टेने सांगायचे," ते बसले. "आमचा मोतद्दार अमेरिकेला पळाला. घोडा इथे सोडून गेला आणि नाव तेवढं घेऊन गेला. तिकडून परत आलेल्या कोणीतरी गावात सांगितलं होतं. मला वाटे, नुसती गोष्ट आहे." मोतद्दार म्हणजे पगारी नोकर नव्हे बरं का. त्या काळी इथल्या खेड्यात अशी माणसं धन्याच्या मालकीची असत. लग्नाला परवानगी, गाव सोडायला परवानगी, मेल्यावर घरातलं चांगलं जनावर धन्याला. आपल्याकडे त्याला शब्द आहेत. मी ते तिथे उच्चारले नाहीत.

आता बघा कसा पेच पडला. गप्प बसले तर सांबर तिकडे नातवंडांच्या दारावर जगणार, नाव चालू राहणार. बोलले तर ह्यांच्यापाशी संपणार. मी तर स्वच्छ सांगितलं, "गप्प बसा हो. पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या लोकांनी फुकट राबवलं, त्या बदल्यात नाव नेलं. मजुरी समजा. कमीच नेलं म्हणते मी."

"तुमचं बरोबर असेल," ते म्हणाले. "पण आयुष्यभर लोकांना मी नाही म्हटलं. आता माझ्यासाठी हो म्हणू?"

तो हिवाळा त्यांनी त्या एका पाटीवर काढला. मी सूप घेऊन जायची, तर ढाल तयार, पार्श्वभूमी निळी, किनार सोनेरी, आणि मधे नुसतं पांढरं. सांबराची जागा रिकामी. डावीकडे तोंड केलं तर ते मास्तरांचं नाही. उजवीकडे केलं तर सगळं आलंच त्यात. मी म्हणायची, "समोर बघणारं काढा ना, कोणाचं बोलणं नको." तर कसनुसं हसायचे. एकदा मात्र मुलाच्या फोटोकडे बघून म्हणाले, "हा असता तर मला इतकं कठीण गेलं नसतं."

पुढच्या उन्हाळ्यात मास्तर पाटी न्यायला आले. पुन्हा प्रज्ञा, पुन्हा मी. ह्यांनी कोट घातला होता. पाटी दाखवलीच नाही. खुर्ची आडवी केली, रुमाल टाकले आणि सगळं सांगितलं. रिकिबीपर्यंत प्रज्ञाने नीट सांगितलं. पुढे अडली. मला मराठीत म्हणाली, "आई, हे कसं सांगू? मी म्हणते, त्यांच्याकडे कामाला होता."

ह्यांना मराठी कुठलं येतंय, पण तिचा चेहरा कळला. "नाही, नाही," म्हणाले. "गेनाऊ. मी म्हटलं तसंच. तो आमच्या मालकीचा होता."

प्रज्ञाने सांगितलं. तिचा आवाज मला ओळखू येईना.

मास्तरांनी खुर्चीवरचा रुमाल हाताने सारखा केला. मग हळूच म्हणाले, "आमच्या घरात सगळ्यांना घोडे कळतात. माझे आजोबा नुसते जवळ उभे राहिले तरी बिथरलेला घोडा शांत व्हायचा. ते कुठून आलं, हे आम्हाला कधी कळलं नव्हतं."

तिथे थांबले असते तर! पण ह्यांनी पेन्सिल उचलली. डोळ्यांत चक्क आनंद. "मी तुम्हाला नवं करून देतो. तुमचं स्वतःचं. निळ्यावर चांदीची रिकीब. ह्यापेक्षा सुंदर ढाल अख्ख्या पेनसिल्व्हेनियात नसेल."

मी डोळे मिटून घेतले. आता काय होणार ते मला ठाऊक होतं.

"नको," मास्तर म्हणाले. "तो ज्यापासून पळाला तेच दारावर लावू?" आणि उठून ह्यांचा हात हातात घेतला. "पण तुम्ही सांगितलंत. आभार." जाताना भिंतीवरच्या ढालीकडे वळूनही पाहिलं नाही.

पानगळीच्या दिवसांत ह्यांनी मला जिन्यात गाठलं. अंगात घरचे कपडे, पायांत दोन वेगळ्या चपला.

"शेजारीणबाई, त्या मास्तरचा फोन होता. हळूहळू बोलला, म्हणून कळलं. त्यांनी पाटी काढली. मुलांनातवंडांना दारासमोर बसवलं, सगळं सांगितलं आणि सगळ्यांच्या देखत उतरवली. आडनाव तसंच राहू देतायत, सांबर नको म्हणाले."

"मग?"

"मग काही नाही." त्यांनी कठड्याला धरलं. "त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. इतक्या वर्षांत कोणी ठेवला नव्हता."

तेव्हा मला उमगलं, ह्या माणसाने मनात काय हिशेब बांधला होता. आपण खरं बोलून मोकळं व्हायचं. ऐकणारा काय, सगळ्यांसारखा घरी जाऊन पाटी पुन्हा लावेलच. आपलं खरं राहील आणि सांबरही राहील. आयुष्यभर ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या भरवशावर ते खरं बोलले होते. आणि नेमका ऐकणारा माणूस भेटला.

त्यानंतर त्यांनी ब्रश धरला नाही. घंटा वाजली तर दार उघडायचे, "आल्झो" म्हणायचे आणि पुढचं विसरायचे. पोट दुखतंय म्हणत होते, ते दवाखान्यात नेल्यावर कळलं की फार उशीर झालाय. मी ट्रामने जायची. एके दिवशी घराची किल्ली माझ्या मुठीत दिली.

"आमच्यात रीत होती. घराण्यातला शेवटचा पुरुष गेला की ढाल मोडायची आणि त्याच्याबरोबर पुरायची. हे घर होतं, आता नाही, असं म्हणायचं. तुम्ही मोडाल? जुनं लाकूड आहे, मोडेल."

मी म्हटलं, "तुम्ही आधी घरी तर या." असंच म्हणतो ना आपण. ते माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा म्हटलं, "मोडीन."

पुढच्या खेपेला पलंग रिकामा होता. नर्सने विचारलं, नातेवाईक का? मी म्हटलं, शेजारीण. तर तिने मान हलवली. नातेवाईक नसला की सगळं शहराची कचेरी करते, आणि शेजाऱ्याला कळवायची पद्धत नाही. मुलाने फोन केले, प्रज्ञा दोनदा जाऊन बसली. ठिकाण कळलं तोवर फेब्रुवारी सरला होता. खाली घर रिकामं करणारी माणसं येऊन गेली होती. जिन्यात निळी भुकटी सांडलेली.

ढाल मी आधीच वर आणली होती. ती माझ्याने मोडेना. पायरीवर आपटली, हातालाच झिणझिण्या आल्या. शेवटी प्रज्ञाने बूट घातले, ढाल दोन विटांवर ठेवली, मला म्हणाली, "आई, तिकडे बघा," आणि मधोमध पाय दिला. सांबराची मान एका तुकड्यात, धड दुसऱ्यात.

दफनभूमी गावाबाहेर, झाडीत. तिथल्या माळ्याला मी नाव सांगितलं. त्याने कागद बघितला आणि मला गवतावरून पलीकडच्या कुंपणापाशी नेलं. समोर हिरवळ. दगड नाही, पाटी नाही, उंचवटा नाही. ज्यांचं कोणी नाही त्यांच्या राखेचे कलश ह्या गवताखाली ठेवतात, असं त्याने सांगितलं.

"ह्यांचा कुठे?"

त्याने हात लांब करून ह्या झाडापासून त्या झाडापर्यंत फिरवला. "इथेच कुठेतरी. कुठे ते आम्ही सांगत नाही. तशी ही जागाच आहे." मग माझ्या पिशवीतून वर आलेलं लाकूड त्याला दिसलं. "इथे काही ठेवता येत नाही. फुलं फक्त, तीही फाटकाजवळच्या दगडापाशी."

मी त्याला सगळं सांगितलं. माझं जर्मन त्या दिवशी फार मोडलं. त्याने ऐकून घेतलं. आपल्या हातगाडीकडे गेला आणि पाठ करून उगाच फावडी नीट लावत बसला. कुंपणाच्या मुळाशी माती भुसभुशीत होती. दोन्ही तुकडे मी हाताने आत ढकलले, वर पाला ओढला. म्हणायचं ते म्हटलं. मराठीत म्हटलं. हे घर होतं. आता नाही.

परत यायचं तर गवतावरूनच वाट. मी दोन पावलं टाकली आणि थांबले. कुठे आहेत ते माहीत नाही, मग बूट घालून कशी जाऊ? खाली बसले, बूट काढले, मोजे काढले. मार्चचं पाणी गवतात साचलेलं, पायांना कापल्यासारखं लागत होतं. माळी लांबून बघत होता. मी हळूहळू चालत राहिले, त्या झाडापासून ह्या झाडापर्यंत.